सूसचे ‘सस’ होते तेव्हा

शेजारच्या काकूंनी फोन पुढे केला आणि विचारले, “ही पावती माझीच आहे ना रे?” पडद्यावर फाइलीचे नाव दिसत होते, ‘सस_मळकतकर_पवत.पीडीएफ’. उघडून पाहिली तर पावती त्यांचीच. आकडे बरोबर, नाव बरोबर, सदनिकेचा क्रमांकही बरोबर. बिघडले होते ते फक्त फाइलीचे नाव. काकूंनी ते स्वतः ‘सूस मिळकतकर पावती’ असे नीट लिहिले होते. आमच्या सोसायटीच्या संकेतस्थळावर ती फाइल त्यांनी ठेवली, चार महिन्यांनी परत मागितली, आणि तेवढ्यात तिचे काने, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे गळून गेले होते. ते संकेतस्थळ आम्हीच सोसायटीतल्या तिघांनी संध्याकाळी बसून पायथनमधल्या जँगो या चौकटीवर उभे केले होते. म्हणजे नाव मोडले ते आमच्याच हातून. का मोडले, हे शोधताना फाइल चढवण्या-उतरवण्याबद्दल जे कळले ते इथे मांडतो.

आधी सूसबद्दल थोडे सांगतो, कारण कागदांचा पसारा इथूनच आला. पाषाणहून सूस रस्त्याने निघून खिंडीत मुंबई-बंगळुरू महामार्ग ओलांडला की हे गाव लागते. पुढे नांदे, चांदे, लवळे. तालुका मुळशी, तालुक्याचे ठिकाण पौड. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत तेवीस गावे आली, त्यांत शेजारच्या म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुकबरोबर सूसही होते. त्यामुळे इथल्या एका घराच्या कागदांत दोन राजवटी सापडतात. ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती, नंतरच्या महापालिकेच्या मिळकतकराच्या पावत्या, जमीन मूळ ज्यांची त्यांचे सातबारा आणि फेरफार, इमारतीचे खरेदीखत, इंडेक्स टू, ना हरकत दाखले, आणि सोसायटीपुरती टँकरची बिले. कर्जासाठी बँकेत जा, घर विकायला काढा, वारसनोंद करा, प्रत्येक वेळी यांतले चार कागद शोधावेच लागतात. हे सगळे एका जागी असावे आणि ज्याचे त्यालाच मिळावे, एवढीच आमची इच्छा होती.

फाइल चढवणे ही वेबच्या जन्मापासूनची सोय नाही. सुरुवातीच्या पानांवरच्या अर्जांत मजकूर भरता येई, फाइल जोडता येत नसे. झेरॉक्स कंपनीतल्या लॅरी मासिंटर आणि अर्नेस्टो नेबेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या टिपणात त्याची रीत मांडली. अर्जातला प्रत्येक रकाना वेगळ्या पाकिटात घालायचा, पाकिटांच्या मध्ये एक ठरलेली खूणरेघ ठेवायची आणि फाइलीच्या पाकिटावर तिचे नाव लिहायचे. आजही आपला ब्राउझर असेच करतो. पाकिटावरचे ते नाव पाठवणाऱ्याने लिहिलेले असते, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. पाठवणारा भला असेल तर तिथे ‘सूस मिळकतकर पावती’ येते. तो खोडसाळ असेल तर दोन टिंबे आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा लिहून, साठवणीच्या फोल्डरातून वर चढत थेट यंत्रणेच्या स्वतःच्या फायलींवर आपली फाइल बसवायचा डाव टाकू शकतो. म्हणून कोणतीही शहाणी चौकट पाकिटावरच्या नावावर विश्वास ठेवत नाही. ती ते आधी धुऊन घेते.

जँगो ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मली. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ती लिहायला घेतली आणि २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्यात नाव धुण्याचे काम ‘गेट_व्हॅलिड_फाइलनेम’ नावाचे एक छोटे फंक्शन करते. मोकळ्या जागांच्या ठिकाणी ते अधोरेषा घालते, आणि मग ‘शब्दात येणारे अक्षर’, टिंब आणि आडवी रेघ सोडून उरलेले सगळे पुसून टाकते. ऐकायला अगदी रास्त वाटते. अवतरणचिन्हे गेली, अर्धविराम गेला, तिरकी रेघ गेली. पण ‘शब्दात येणारे अक्षर’ म्हणजे कोणते, हे ठरवायला जँगो पायथनच्या मजकूर-शोधाच्या विभागाकडे जाते, आणि त्या विभागाच्या लेखी मात्रा हे अक्षर नाही.

इथे क्षणभर थांबून युनिकोड कसे लिहिते ते पाहायला हवे. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक गट दिलेला आहे. त्यात ‘स’ ही एक जागा आणि ‘ू’ हा दीर्घ उकार दुसरी जागा. आपल्याला ‘सू’ हे एकच अक्षर दिसते, संगणक दोन चिन्हे ठेवतो. म्हणजे ‘सूस’ तीन चिन्हांचे. युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्गही देते. ‘स’ अक्षरांच्या वर्गात, ‘ू’ जोडचिन्हांच्या वर्गात. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, अगदी जोडाक्षर घडवणारा हलन्त, सगळे जोडचिन्हांतच. ही वाटणी चुकीची नाही. मात्रा एकटी उभी राहू शकत नाही हे खरेच आहे. पण पायथनचा शोध-विभाग ‘शब्द’ म्हणताना फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा मोजतो, जोडचिन्हे सोडून देतो. इंग्रजी, रशियन, ग्रीक यांना त्याने फारसा धक्का बसत नाही. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली मात्र मोडतात. ही तक्रार पायथनच्या नोंदवहीत २००७ पासून आहे.

परिणाम पाहा. ‘सूस’चे ‘सस’ होते, ‘मुळशी’चे ‘मळश’, ‘पाषाण’चे ‘पषण’, ‘म्हाळुंगे’चे ‘महळग’. ‘ना हरकत दाखला’ हे ‘न_हरकत_दखल’ होते. ‘वारस नोंद’ हे ‘वरस_नद’. ‘ऊस’ मात्र शाबूत राहतो, कारण ‘ऊ’ हा स्वतंत्र स्वर आणि म्हणून अक्षर. एका अक्षराच्या फरकाने शेतातला ऊस वाचतो आणि गावाचे नाव जाते. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळी नावे एकच होतात. ‘पाटील’ आणि ‘पटेल’ दोन्ही ‘पटल’ होतात. ‘नांदे’ आणि ‘नोंद’ दोन्ही ‘नद’. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीवर बसेल की काय अशी भीती वाटते, पण तेवढी काळजी जँगो घेते. नाव आधीच घेतलेले दिसले तर ती मागे अधोरेषा आणि सात वाटेल ती अक्षरे जोडून नवे नाव करते. फाइल वाचते, ओळख मात्र उरत नाही. ‘पटल’ या नावावरून मागे ‘पाटील’कडे जायचे की ‘पटेल’कडे, हे कोणताही संगणक सांगू शकणार नाही. गळलेली मात्रा परत येत नाही.

मला याचे आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच कारणाने. पायथन ही भाषा स्वतः मराठीला पूर्ण मान देते. २००७ मध्येच मान्य झालेल्या पेप ३१३१ या प्रस्तावाने चलांची नावे कोणत्याही लिपीत ठेवायची मुभा दिली आणि पायथन ३ मध्ये ती आली. ‘सूस’ हे पायथनमध्ये वैध नाव आहे. ‘सूस बरोबर पाच’ असे लिहा, चालते, उकार जागच्या जागी राहतो. ‘७’ हा देवनागरी आकडा मजकूर म्हणून दिला तर पायथन त्याचा सात हा अंकही बिनचूक करून देते. म्हणजे भाषेच्या व्याकरणाला मात्रा शब्दाचा भाग वाटते आणि त्याच भाषेच्या शोध-विभागाला वाटत नाही. एकाच घरातल्या दोन खोल्यांत दोन नियम.

दुसऱ्या चौकटींची गतही पाहून घेतली. फ्लास्क वापरणारे बहुतेक जण ‘सिक्युअर_फाइलनेम’ या फंक्शनवर विसंबतात. ते फक्त साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि दोन-तीन चिन्हे ठेवते. त्याच्याकडे ‘सूस.पीडीएफ’ पाठवली, म्हणजे नाव मराठीत आणि शेपूट नेहमीचे इंग्रजी, तर बाहेर येते ते नुसते शेपूट, टिंबाशिवाय. जँगो निदान व्यंजने तरी ठेवते.

वेब२पाय ही शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले मासिमो दी पिएरो यांनी २००७ मध्ये शिकवण्यासाठी बनवलेली चौकट. तिने वेगळाच मार्ग काढला होता आणि तो मला मनापासून आवडतो. ती चढवलेल्या फाइलीला डिस्कवर ठेवताना चार-पाच तुकड्यांचे नाव देते. कोणत्या तक्त्यातली, कोणत्या रकान्यातली, मग सोळा वाटेल ती अक्षरे, आणि शेवटी मूळ नाव, पण सांकेतिक करून. मूळ नावातला प्रत्येक बाइट दोन साध्या अक्षरांत लिहायचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे सांकेतिक रूपात सहा अक्षरे. ‘सातबारा’ सात चिन्हांचा, तो बेचाळीस अक्षरांचा होतो. दिसायला भयानक. पण उलट वाचले की काना, मात्रा सगळे जसेच्या तसे परत मिळते, आणि डिस्कवर एकही धोक्याचे चिन्ह जात नाही. डाउनलोडची लिंक त्या लांब नावाची असते, ती एका ठरलेल्या फंक्शनकडे जाते, फंक्शन नाव उलगडून माणसाला मूळ नावानिशी फाइल देते. हीच लिंक आपल्याला हवी तशी वळवता येते. कोणत्या पत्त्यावर जावी, कोणी मागितल्यावर द्यावी, हे त्या रकान्यालाच एक ‘ऑथराइझ’ नावाची अट जोडून सांगता येते. फायली फार झाल्या तर एकाच फोल्डरात लाखभर न ठेवता पोटफोल्डरांत विभागायची सोयही तिथेच.

या रचनेला एकच अडचण येते, आणि ती मराठीला जास्त बोचते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीत थेट लिहिले तर पंचाऐंशी चिन्हे मावतात, सांकेतिक केले तर त्याच्या निम्मीच, तीही पुढचे तुकडे वजा करून. ‘सूस येथील सदनिका खरेदीखत नोंदणीकृत प्रत दुय्यम निबंधक कार्यालय’ असे नाव देणारे लोक आमच्याकडे आहेत, आणि त्यांचे बरोबरच आहे. कागदावर जे लिहिलेले असते तेच ते लिहितात. जँगोत फाइलीच्या रकान्याला शंभर चिन्हांची मर्यादा मुळातच लावलेली असते, तिच्यात फोल्डरांची नावेही धरलेली. ती वाढवायचे लक्षात ठेवावे लागते.

तर दुरुस्ती काय केली? जँगोत नावे वळवायच्या तीन जागा आहेत, आणि मी तिन्ही उघडून पाहिल्या.

पहिली जागा ‘अपलोड_टू’. फाइलीच्या रकान्याला हे सांगायचे की ती कुठे ठेवायची. साधे फोल्डरचे नाव देता येते, वर्ष-महिना-दिवस अशी तारखेची रचना देता येते, किंवा एक फंक्शन देता येते. फंक्शनला दोन गोष्टी मिळतात, ती नोंद आणि चढवणाऱ्याने दिलेले नाव. त्यातून आपण हवे ते नाव घडवून परत द्यायचे. पण आपण परत दिलेले नावही पुन्हा धुतले जाते, तेही फक्त शेवटचा तुकडा. फोल्डराचा भाग तसाच राहतो. म्हणून ‘सूस’ नावाच्या फोल्डरात ‘सस’ नावाची फाइल बसलेली मला दिसली. तो क्षण मला आठवतो. तोवर मी फॉन्टला दोष देत होतो.

याच जागी सातबाऱ्याने मला एक धडा शिकवला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र, म्हणून सातबारा, आणि लिहायचा ‘७/१२’. मध्ये तिरकी रेघ. संगणकाच्या लेखी ती रेघ म्हणजे फोल्डर संपला. नाव आपणच घडवायचे म्हणून मी ‘७/१२’, पुढे गाव, पुढे गट क्रमांक असे जोडले, तर डिस्कवर ‘७’ नावाचा फोल्डर तयार झाला आणि त्यात ‘१२’ने सुरू होणारी फाइल. गट क्रमांकातही हिस्से असतात, चौदा तिरकी रेघ दोन तिरकी रेघ अ, म्हणजे आणखी दोन फोल्डर. महाराष्ट्रात जमिनीच्या कागदांवर काम करणारा प्रत्येक प्रोग्रामर या रेघेला कधी ना कधी अडखळत असणार. उपाय साधा निघाला. बोलताना आपण ‘सातबारा’ म्हणतो, तसाच तो लिहायचा, आणि हिश्श्यांच्या मध्ये आडवी रेघ घालायची.

दुसरी जागा म्हणजे साठवणीचा वर्ग. जँगोत फाइल ठेवण्याचे काम करणारा ‘स्टोरेज’ नावाचा वर्ग आपण स्वतःचा लिहू शकतो आणि त्यातले ‘गेट_व्हॅलिड_नेम’ बदलू शकतो. दहा ओळींचे काम आहे. नावातल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग विचारायचा. अक्षर, अंक किंवा जोडचिन्ह असेल तर ठेवायचे. टिंब, आडवी रेघ, अधोरेषा ठेवायच्या. बाकीचे पुसायचे. एवढ्याने सूस सूस राहते. मराठीपुरती एक भर घालावी लागते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ काही कीबोर्ड एका अदृश्य जोडक-चिन्हाने लिहितात. ते चिन्ह ना अक्षर ना मात्रा, त्यामुळे ते पुसले जाते आणि शब्दाचा आकार बदलतो. त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. ‘ॲ’चेही तसेच. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली, पण त्याआधीच्या सवयीने कोणी ‘अ’वर चंद्र ठेवून लिहितो. दिसायला दोन्ही सारखे, आत वेगळे. ‘ॲग्रीमेंट’ शोधणाऱ्याला दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडत नाही. नोंद साठवण्याआधी दोन्ही एका रूपात आणणे हा त्यावरचा इलाज.

हे सगळे केल्यावर मी ते बाजूला ठेवले, कारण तिसरी जागा जास्त चांगली निघाली. माणसाने दिलेले नाव डिस्कवर ठेवायचेच कशाला? फाइल येताच ‘अपलोड_टू’मधून तिला एक यदृच्छ नाव द्यायचे, इंग्रजी अक्षरे आणि अंकांचे, कोणालाही ओळखता न येणारे. पायथनमध्ये त्यासाठी यूयूआयडी आहेत, १२२ बिटांची यदृच्छता असलेले. आणि चढवणाऱ्याने दिलेले नाव नोंदीच्या वेगळ्या रकान्यात, डेटाबेसमध्ये, एका मात्रेचाही फरक न करता ठेवायचे. ते नाव आपल्या हाती फक्त फाइल येते त्या क्षणी शुद्ध असते, एकदा जतन झाले की धुतलेलेच मिळते, म्हणून ते अर्ज स्वीकारतानाच उतरवून घ्यायचे. आमच्या पहिल्या रचनेत हेच राहून गेले होते.

मग लिंक. फाइलीचे नाव, डिस्कवरची जागा आणि लिंक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसले की बाकीचे सोपे जाते. नवशिक्यांना जँगो शिकवताना ‘मीडिया_यूआरएल’ दाखवतात, आणि त्यात तिन्ही एकच होतात. फोल्डरचा पत्ता हीच लिंक, लिंकच्या टोकाला फाइलीचे नाव. शिकायला ते ठीक. पण तशी लिंक ज्याच्या हाती पडली त्याला फाइल मिळते, मग तो सोसायटीचा सभासद असो वा नसो, कारण ती देताना जँगोला कोणी विचारतच नाही, समोरचा वेबसर्व्हर परस्पर देऊन टाकतो. लिंकमध्ये क्रमाने आकडे असतील तर आणखी वाईट. माझी पावती सत्तेचाळीस, तर अठ्ठेचाळीस कोणाची, हे पाहायला फक्त एक आकडा बदलावा लागतो. खरेदीखतावर आधार, पॅन, अंगठ्याचे ठसे, फोटो असतात. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. तो नसता तरी शेजाऱ्याचे खरेदीखत उघड्यावर ठेवायचा अधिकार आम्हाला नव्हताच.

म्हणून लिंक आमच्या फंक्शनकडे जाते. ते आधी विचारते, आत आलेला माणूस कोण? मग, या कागदाशी त्याचा संबंध काय? दोन्ही उत्तरे पटली तरच फाइल. मोठी फाइल पायथनमधून थेट ओतायची म्हणजे एका मागणीसाठी एक कामगार अडकून पडतो, त्यावर एक छान युक्ती आहे. परवानगी पायथन देते, पण उत्तरात फाइलीऐवजी ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ नावाची एक चिठ्ठी ठेवते. समोर बसलेला वेबसर्व्हर, आमच्याकडे एन्जिनएक्स, ती चिठ्ठी वाचतो, ग्राहकाला दाखवत नाही, आणि आतल्या कुलूपबंद फोल्डरातून फाइल स्वतः देतो. दारावरच्या रखवालदाराने चिठ्ठी द्यावी आणि कोठारातल्या माणसाने पोते काढून द्यावे, तसे.

मुंबईत घडलेल्या फ्रॅपे या पायथन चौकटीत, रुशभ मेहता यांच्या कंपनीची ईआरपीनेक्स्ट जिच्यावर चालते तिच्यात, हा भेद पत्त्यातच कोरलेला आहे. सार्वजनिक फायलींचा मार्ग वेगळा, खासगींचा वेगळा. खासगी मार्गाने मागणी आली की ज्या नोंदीला ती फाइल जोडलेली आहे ती नोंद पाहायची परवानगी मागणाऱ्याला आहे का, हे आधी तपासले जाते. फाइलीची परवानगी कागदाशी बांधायची ही कल्पना आम्ही तिथूनच घेतली. सदनिका ज्याला पाहता येते, त्याला तिच्या पावत्या पाहता येतात. सदनिका विकली गेली की जुन्या मालकाची लिंक आपोआप बंद.

बँकेला किंवा वकिलाला एखादा कागद द्यायचा असतो, त्यांना सभासद करून घेता येत नाही. त्यांच्यासाठी मुदतीची लिंक. जँगोकडे सही करणारे एक साधन आहे, ते नोंदीच्या क्रमांकाला वेळ जोडते आणि गुप्त किल्लीने सही करते. लिंक उघडताना सही जुळते का आणि ठरवलेला वेळ उलटला का, हे पाहायचे. अक्षर बदलले की सही मोडते. आम्ही तीन दिवस ठेवले. ॲमेझॉनच्या साठवणीवर अशाच सहीच्या लिंका जास्तीत जास्त सात दिवसांच्या असतात. ही मुदत किती गरजेची आहे ते व्हॉट्सॲपच्या गटात लिंक टाकणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावे. गटातला संदेश वर्षभर तिथेच असतो.

लिंकमध्ये मराठी घालावी का, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझा कौल ‘नको’ असा आहे, आणि तो मराठीवरच्या प्रेमापोटीच आहे. ‘सूस’ लिंकमध्ये लिहिले की प्रत्यक्ष प्रवासात प्रत्येक बाइटापुढे टक्क्याचे चिन्ह लागते. तीन चिन्हांचे नऊ बाइट, नऊ बाइटांची सत्तावीस अक्षरे. ब्राउझरच्या पट्टीत सुंदर दिसणारी लिंक संदेशात चिकटवली की ओळीच्या ओळी टक्के होतात. त्यातून जँगोची लिंकसाठीची ‘स्लग’ करणारी सोयही मात्रा गाळतेच, युनिकोड चालू ठेवले तरीही. मराठी विकिपीडियाला मराठी पत्ते शोभतात, तिथे पानाचे नाव हीच ओळख. आमच्या लिंकचे काम फक्त दार दाखवण्याचे. ती छोटी आणि निर्जीव असलेली बरी. मराठी हवी ती पानावर, आणि हातात येणाऱ्या फाइलीवर.

आणि हातात येणाऱ्या फाइलीवर ती पूर्ण देता येते. डाउनलोडच्या उत्तरासोबत सर्व्हर एक शीर्षक-ओळ पाठवतो, ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. फाइल पानातच उघडायची की जतन करायची, आणि जतन करायची तर कोणत्या नावाने, हे ती सांगते. ही ओळ मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच होती. २०१० चे आरएफसी ५९८७ आणि २०११ चे आरएफसी ६२६६ यांनी त्यात दुसऱ्या लिप्यांना वाट काढून दिली. नावापुढे तारांकन, मग यूटीएफ-८ असा उल्लेख, मग टक्क्यांत लिहिलेले नाव. आजचे ब्राउझर ते उलगडून मूळ नावाने फाइल जतन करतात. जँगोच्या ‘फाइलरिस्पॉन्स’ला नोंदीतले मूळ नाव हाती दिले की ही ओळ ती स्वतः नीट लिहिते, आणि या कामात ती मात्रांना हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र नावाच्या पलीकडची आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा, जो १ मे २०१८ पासून सुरू झाला, त्याची सही पीडीएफच्या आतल्या बाइटांवर असते. फाइलीचे नाव कितीही बदला, सही तशीच राहते. पण जागा वाचवायला आलेली प्रत्येक पीडीएफ आकसून ठेवणारा तुकडा आम्ही जोडला होता, त्याने बाइट बदलतात आणि सही बाद होते. तो तुकडा काढून टाकला. जे आले तेच परत द्यायचे, एक बाइटही न हलवता. फाइल खरोखर पीडीएफ आहे का एवढे तिच्या पहिल्या चार बाइटांवरून तपासतो, शेपटावर विसंबत नाही.

नव्या फायलींचे असे झाले. जुन्या तीनशेच्या आसपास होत्या, त्यांची मूळ नावे कुठेच उरली नव्हती. पहिल्या रविवारी सोसायटीच्या कचेरीत आम्ही बसलो. काकू एकेक पीडीएफ उघडून कागदाचे नाव मोठ्याने वाचत होत्या, मी ते नोंदीत लिहीत होतो. ‘नद_नद’ नावाची एक फाइल आली. आत नांद्याच्या जमिनीची फेरफार नोंद होती. काकू म्हणाल्या, “नांदे नोंद. अनुस्वार दोन्हींवर दे.” संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या.